पंधरा दिवसांच्या मावश्या

ऑक्टोबरात पर्यटनाचा हंगाम सुरू झाला की गोव्यात काही वाद ठरल्या वेळी उगवतात. त्यांत आता एकाची भर पडली आहे: बालगृहांत परदेशी व्हॉलंटिअरांना येऊ द्यावं की नाही. हणजूण-हरमलला महिनाभर राहायला आलेली एखादी युरोपी मुलगी सकाळी योग करते, दुपारी जवळच्या बालगृहात मुलांना इंग्रजी गाणी शिकवते आणि संध्याकाळी शॅकवर बसून त्याचे फोटो टाकते. एका पक्षाला यात गोऱ्यांचा जुनाच उद्धारकर्तेपणा दिसतो. दुसरा पक्ष विचारतो, तुम्ही स्वतः त्या पोरांसाठी काय केलंत? कुणी सातासमुद्रापलीकडून येऊन माया करतंय तर तुमच्या पोटात का दुखावं? मग पहिला पक्ष पोर्तुगिजांपर्यंत मागे जातो, दुसरा सरकारच्या नावानं बोटं मोडतो, आणि दोघंही शेवटपर्यंत पाहुण्याबद्दलच बोलत राहतात. तो गोरा की सावळा, त्याचं मन स्वच्छ की नाही, तो पुण्य जोडायला आला की फोटो काढायला. ज्या मुलांच्या नावानं हे चाललेलं असतं त्यांच्या बाजूनं हिशेब मांडायची कुणाला सवडच नसते.

तो मांडला तर मला एकच उत्तर दिसतं. थोड्या दिवसांसाठी आलेल्या कुणालाही बालगृहातल्या मुलांच्या थेट सहवासाचं काम देऊ नये. पासपोर्ट कुठल्या रंगाचा याच्याशी त्याचा संबंध नाही. पदवीनंतर काठमांडूला किंवा कंबोडियाला ‘सेवा’ जोडलेली सहल करणारी आपली फोंड्या-म्हापशाची मुलं यात आली, आणि मुलाच्या वाढदिवसाचा केक घेऊन बालगृहाची पायरी चढणारे आपणही आलो. जत्रेला हौशे, नवशे, गवशे असे तिन्ही येतात. त्यांतला नवशा कितीही भाविक असला तरी जत्रा उठली की तोही परततोच, आणि माझा आक्षेप त्या परतण्याला आहे.

बालगृहात पहिल्यांदा पाऊल ठेवणारा जवळजवळ प्रत्येक जण एकच गोष्ट सांगतो: मुलं धावत आली, हात धरला, मांडीवर बसली, ‘उद्या येशील ना?’ म्हणाली. सांगताना त्याचे डोळे भरून येतात, आणि ते खोटं नसतं. पण जरा थांबून विचार करा. तुमच्या घरातलं चार वर्षांचं पोर दारात आलेल्या अनोळखी माणसाच्या मांडीवर जाऊन बसतं का? ते आईच्या मागे लपतं. कुणाजवळ जायचं आणि कुणाजवळ नाही हे त्याला कळतं, कारण त्याची स्वतःची अशी माणसं ठरलेली असतात. अनोळखी माणसाला पहिल्याच भेटीत मिठी मारणारं मूल पाहून आपण सुखावतो. मुलांचा अभ्यास करणारे तिथं काळजीनं पाहतात.

बार्बरा टिझार्ड या मानसशास्त्रज्ञ बाईंनी लंडनमधल्या निवासी बालगृहांचा अभ्यास केला, त्याचे निष्कर्ष १९७०च्या दशकात प्रसिद्ध झाले. ही बालगृहं वाईट नव्हती. खेळणी होती, पुस्तकं होती, खाणंपिणं चांगलं होतं, मुलांची बुद्धीही नीट वाढत होती. मात्र दोन वर्षांची होईपर्यंत एकेका मुलाला सरासरी २४ वेगवेगळ्या माणसांनी सांभाळलेलं होतं, आणि साडेचार वर्षांपर्यंत हा आकडा ५०च्या आसपास गेला होता. ही मुलं कुणालाही चिकटत आणि कुणाशीच खोल बांधली जात नसत. लक्षात घ्या, ती पगारी, प्रशिक्षित माणसं होती, हंगामी पाहुणे नव्हेत. त्यांच्या येण्याजाण्यानं जर एवढं होत असेल, तर दर पंधरवड्याला बदलणाऱ्या ‘मावश्या’ आणि ‘अंकल’ काय करून जात असतील? रोमानियात हुकूमशहा चाउशेस्कूची राजवट कोसळल्यावर तिथल्या बालगृहांची दशा जगानं पाहिली. पुढे बुखारेस्टमध्ये २००० साली संशोधकांनी १३६ मुलांचा अभ्यास हाती घेतला, त्यांतल्या निम्म्यांना कुटुंबांत ठेवलं आणि वर्षानुवर्षं पाहिलं. कुटुंबांत गेलेली मुलं सावरली, त्यातही जी लवकर गेली ती जास्त. त्यांना हवी होती ती रोज रात्री तीच दिसणारी माणसं.

‘पण मुलं खूश होतात ना,’ हा युक्तिवाद यामुळे मला पुरेसा वाटत नाही. मुलं खूश होतात हे मान्य. गाणी होतात, खाऊ मिळतो, रोजच्या घंटेला बांधलेला दिवस थोडा सैलावतो. पण हा आनंद मोजायचाच असेल तर पाहुणा गेल्यानंतरचा आठवडाही मोजायला हवा, आणि तो मोजायला पाहुणा तिथं नसतो. त्या आठवड्यातली रात्रीची रडारड बालगृहातली मावशी सांभाळते. ती फोटोत बहुधा कुठेच नसते.

दुसरा आक्षेप पैशाचा आहे आणि तो वजनदार आहे. संस्था चालवणारे सरळ सांगतात: लोक आत आले, मुलांना भेटले की देणगी देतात, दार बंद केलं की हात आखडतात. खरं आहे. हे तंत्र आजचं नाही. थॉमस कोरम या जहाजी कप्तानाच्या खटपटीतून लंडनमध्ये १७३९ साली टाकलेल्या मुलांसाठी फाउंडलिंग हॉस्पिटलची सनद निघाली. पुढे तिथं रविवारी प्रार्थनेनंतर मुलांना जेवताना पाहायला शहरातले प्रतिष्ठित लोक येऊ लागले. हेंडेलसारख्या संगीतकारानं आपले कार्यक्रम तिथं केले. पैसा जमला, संस्था टिकली. पण त्या मुलांपैकी बहुतेकांच्या आया जिवंत होत्या. गरिबी आणि बदनामी यांच्या कात्रीत सापडून त्यांनी स्वतःच्या हातानं मूल सोडलेलं असे. खूण म्हणून कापडाचा तुकडा, एखादं नाणं मागे ठेवलेलं असे. संस्थेत शिरताच मुलाचं नाव बदललं जाई. जेवणारी पोरं पाहून गहिवरणाऱ्या त्या मंडळींनी तेच पैसे मूल सोडायची पाळी आलेल्या आईला दिले असते तर? आईला मदत करण्यात पाहण्यासारखं काही नसतं, आणि जिथं पाहण्यासारखं नसतं तिथं देणगी लवकर पोहोचत नाही.

या तंत्राचं पुढे काय होतं ते आपल्या शेजारीच दिसतं. नेपाळमध्ये यादवीच्या काळात दलाल डोंगराळ जिल्ह्यांतल्या आईबापांना ‘शहरात शिकवतो’ म्हणून सांगून मुलं घेऊन जात आणि ती शहरातल्या बालगृहांत ‘अनाथ’ म्हणून दाखल होत. तिथली बहुतांश बालगृहं काठमांडू, ललितपूर, भक्तपूर, चितवन आणि पोखरा असलेल्या कास्की या पाच जिल्ह्यांत उभी राहिली. युद्धाची झळ हुमलासारख्या दुर्गम भागाला आणि अनाथालयं पर्यटकांच्या वाटेवर, हे कसं? कंबोडियात २००५ ते २०१० या पाच वर्षांत बालगृहं ७५ टक्क्यांनी वाढली, आणि युनिसेफच्या पाहणीनुसार त्यांतल्या सुमारे तीन-चतुर्थांश मुलांचे आई किंवा वडील हयात होते. ‘सेव्ह द चिल्ड्रन’ या संस्थेनं २००९ साली जगभराचा अंदाज मांडला: संस्थांतल्या दर पाच मुलांपैकी किमान चारांचे आई किंवा वडील जिवंत आहेत. भेट द्यायला अनाथ मुलं हवीत अशी मागणी तयार झाली की पुरवठ्याची सोय कुणीतरी करतंच. ऑस्ट्रेलियानं २०१८ साली आधुनिक गुलामगिरीविरुद्ध कायदा केला, तेव्हा अनाथालयं भरण्यासाठी होणारी मुलांची वाहतूक हाही त्याच गुलामगिरीचा प्रकार मानला. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं २०१९च्या डिसेंबरात बालहक्कांच्या ठरावात पर्यटनातून होणाऱ्या अनाथालय-सेवेच्या धोक्याची दखल घेतली.

गोव्याला तर हे सांगायला कुणी न्यूयॉर्कहून यायची गरज नव्हती. १५५९ साली पोर्तुगालच्या राजाच्या नावानं हुकूम निघाला: गोव्यातली अनाथ हिंदू मुलं जेझुइटांच्या सेंट पॉल महाविद्यालयाकडे सोपवावीत, त्यांचा बाप्तिस्मा करावा. पुढे अंमल असा वाढला की आई घरात धडधाकट असताना केवळ बाप वारला म्हणून मूल अनाथ धरलं गेलं. नातेवाईक पोरांना लपवत, रात्रीच्या अंधारात नदीपलीकडे आदिलशाहीत, अंत्रुजात (आजच्या फोंड्याकडे) नेत. त्याच वाटेनं आपले देवही गेले, हे इथल्या कुठल्याही घरात ठाऊक असतं. मुलांबद्दल अचानक कुणाला कळवळा वाटू लागला होता असं नाही. मुलं घेणारी व्यवस्था आधी उभी राहिली आणि तिला पुरतील एवढे अनाथ मग सापडत गेले. (हे आजच्या चर्चच्या संस्थांवर शेकवू नये. गोव्यात सरकार ढुंकूनही पाहत नव्हतं अशा कितीतरी मुलांना सिस्टरांनी वाढवलं आहे, आणि आमच्या धर्माच्या नावानं चालणाऱ्या संस्थाही या मोहापासून लांब आहेत असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही.)

आजच्या गोव्यात मूल बालगृहात कसं पोहोचतं? बेळगाव, गदग, विजापूरकडून आलेली बाई किनारपट्टीवरच्या हॉटेलात खोल्या साफ करते किंवा बांधकामावर पाट्या उचलते. नवरा सोडून गेलेला, नाहीतर दारूत बुडालेला. अंगणवाडी दुपारी बंद होते, हिची पाळी रात्री संपते. भाड्याच्या खोलीत पोरीला एकटं ठेवायची तिला भीती वाटते, आणि ती भीती रास्त आहे. अशा वेळी कुणी सांगतं, ‘तिकडे ठेव, जेवण मिळेल, इंग्रजीत शिकेल.’ ती ठेवते. आणि मग ज्या हॉटेलातल्या चादरी ती बदलते, त्याच हॉटेलातला पाहुणा दुपारी तिच्या मुलीला अनाथ समजून कुशीत घेतो. यात कुणीही दुष्ट नाही. तरीही त्या पाहुण्याचा पैसा आणि वेळ नेमका चुकीच्या जागी पडला, कारण मुलीला आई होती आणि आईला हवं होतं संध्याकाळी सात ते रात्री अकरा चालणारं पाळणाघर.

आता सगळ्यांत अवघड आक्षेप, जो या वादात फार थोड्यांनी मांडला. दार बंद केलंत तर आत काय चालतं ते कळणार कसं? बंद संस्थांतच अत्याचार होतात. बाहेरची माणसं येत-जात राहिली तर निदान धाक राहतो. वरवर पाहता हे बिनतोड वाटतं. पण गोव्याचाच इतिहास याच्या उलट आहे. मडगावला फ्रेडी पीट्स नावाचा माणूस ‘गुरुकुल’ या नावानं मुलांसाठी अनाथालय चालवत होता. लोक त्याला समाजसेवक समजत. परदेशातून देणग्या येत, परदेशी पाहुणे येत. १९९१ साली त्याला अटक झाली तेव्हा मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांचे दोन हजारांवर फोटो हाती लागले. पत्रकार शीला बारसे यांनी न्यायालयात पाठपुरावा केला, म्हणून प्रकरण तडीला गेलं. १९९६ मध्ये त्याला जन्मठेप झाली. त्याच्या दाराला कुलूप नव्हतं, आणि आत येणाऱ्या पाहुण्यांपैकीच काही गुन्ह्यात सामील होते. त्यांतल्या एका ब्रिटिश आरोपीला भारतात पाठवायला लंडनच्या न्यायालयानं २०१४ साली नकार दिला, कारण त्याला स्मृतिभ्रंश झाल्याचं त्या न्यायालयानं मानलं. पीट्स तुरुंगात मेला. त्याच्या पाहुण्यांमागे आपला कायदा दोन दशकं वणवण करत राहिला.

याच्या शेजारी बिहारमधलं मुझफ्फरपूर ठेवून पाहा. तिथल्या मुलींच्या निवारागृहातला अत्याचार २०१८ मध्ये उघड झाला तो टाटा समाजविज्ञान संस्थेच्या पथकानं केलेल्या सामाजिक लेखापरीक्षणातून. ती माणसं खाऊ घेऊन गेली नव्हती. काय विचारायचं, कुणाला बाजूला घेऊन विचारायचं, गप्प राहणाऱ्या मुलीच्या गप्प राहण्याचा अर्थ कसा लावायचा, हे त्यांना येत होतं. २०२० साली दिल्लीच्या न्यायालयानं १९ जणांना दोषी ठरवलं. गाणी शिकवायला आलेल्या, मुलांची भाषा न येणाऱ्या, दहा दिवसांनी विमान पकडणाऱ्या पोरीला यातलं काय कळलं असतं? तिला तर भिंतीवरची चित्रं दिसली असती. संस्थांवर नजर हवीच, पण ती नजर बाल कल्याण समितीची, तपासनिसाची, लेखापरीक्षकाची आणि मुलांनी न घाबरता १०९८ या बाल मदतवाहिनीला लावलेल्या फोनची हवी. ही यंत्रणा गोव्यात तोकडी असेल तर तिच्यासाठी भांडू या. पर्यटकाला चौकीदार समजून आपली सुटका करून घेणं सोपं आहे, म्हणूनच ते संशयास्पद आहे.

‘पोलिसांचा दाखला घ्या आणि मग येऊ द्या’ ही मधली वाटही सुचवली जाते. दाखला घ्यावाच. पण ज्याच्यावर आधी गुन्हा नोंदला गेला आहे तोच त्यात सापडतो, आणि ज्या नुकसानाबद्दल मी बोलतोय त्यातलं बरंचसं निर्मळ चारित्र्याची माणसंच करून जातात. मनुष्यबळ कमी आहे, हा मुद्दा मात्र पूर्ण खरा आहे. एका मावशीच्या अंगावर इतकी मुलं असतात की केस विंचरायलाही वेळ पुरत नाही. पण दिवसागणिक बदलणारे फुकट हात उपलब्ध असले की कायमची माणसं नेमायचा तगादा सुटतो. आणि मावशीचा पगार वाढवा असं म्हणणारा व्हॉलंटिअर माझ्या तरी ऐकिवात नाही. जे कौशल्य घेऊन येतात, त्यांना दार बंद नसावं. वाचा-उपचार येत असेल तर मावश्यांना शिकवा, हिशेब येत असेल तर संस्थेचं दप्तर लावून द्या, प्लंबिंग येत असेल तर न्हाणीघर. फक्त मुलांच्या रोजच्या आयुष्यात शिरू नका. आणि जो परदेशी इथंच राहिला, कोंकणी शिकला, त्याच मुलांच्या दहावीच्या निकालापर्यंत थांबला, त्याला मी पाहुणा म्हणणारच नाही. त्याच्यावर हा लेख नाही.

फोटोंबद्दल थोडक्यात. लंडनचे डॉक्टर बर्नार्डो आपल्या आश्रमातल्या मुलांचे ‘आधी’ आणि ‘नंतर’ असे फोटो काढून विकत. ‘आधी’च्या फोटोत मुलं मुद्दाम जास्त फाटकी दाखवली गेल्याचं प्रकरण १८७७ साली लवादापुढे गेलं आणि त्यावर ताशेरे आले. आपल्याकडे २०१५च्या बाल न्याय कायद्याचं ७४वं कलम काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलांची ओळख उघड करण्याला चाप लावतं: सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. या कलमाची आठवण परदेशी पाहुण्यांना करून देण्याआधी आपापले वाढदिवसाचे अल्बम उघडून पाहावेत.

कारण या वादात आपण स्वतःला फार सहज सोडून देतो. मुलाच्या वाढदिवसाला, आजोबांच्या वर्षश्राद्धाला, बढतीच्या आनंदात आपण बालगृहात जेवण घालतो. मुलांना ओळीत बसवतात, ती टाळ्या वाजवतात, अनोळखी पोराला त्याच्या वाढदिवसाचं गाणं म्हणतात. आपला मुलगा केक कापतो. ‘बघ, तुला किती मिळालंय,’ असं आपण त्याला घरी जाताना ऐकवतो. म्हणजे त्या मुलांचं दुःख आपल्या मुलाच्या संस्कारवर्गाचं साहित्य झालं. लंडनच्या रविवारच्या त्या प्रेक्षकांपेक्षा यात वेगळं काय आहे? जेवण द्यायचं तर शिधा पोहोचवून मागे फिरता येतं. आणि तेवढ्यानं समाधान होत नसेल तर आपण नेमकं काय मिळवायला गेलो होतो, हा प्रश्न प्रत्येकानं आपल्या घरात विचारावा.

कायद्याची दिशा तर आधीच ठरलेली आहे. बाल न्याय कायद्याच्या तत्त्वांत संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय म्हटलं आहे. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेत मुलाला घरीच वाढवता यावं म्हणून महिन्याला ४,००० रुपयांचं साहाय्य आहे. पीट्स प्रकरणानं हादरलेल्या गोव्यानं २००३ साली स्वतःचा बालक कायदा केला, आणि आपल्या कुटुंबाबरोबर किंवा नातेवाइकांबरोबर नोंद नसलेल्या मुलाला हॉटेलच्या खोलीत जाऊ द्यायचं नाही असं त्यात लिहिलं. म्हणजे पाहुणा आणि मूल यांच्यामध्ये हॉटेलच्या दारात भिंत उभी करायचं शहाणपण या राज्याला वीस वर्षांपूर्वीच सुचलं होतं. बालगृहाच्या दारात ती अजून नाही. उलट आपल्या ई-पर्यटक व्हिसाच्या नियमांत बिनमोबदला स्वयंसेवी कामाला महिनाभराची मुभा आहे आणि ते काम मुलांबरोबर नसावं अशी अट नाही. व्हिसा केंद्राच्या हातात आहे, ते राहू दे. पण बालगृहांच्या नोंदणीच्या अटी राज्याला घालता येतात. पुढच्या हंगामाआधी महिला आणि बालविकास खात्यानं तेवढी एक अट घालावी: सहा महिन्यांपेक्षा कमी काळासाठी आलेल्या कुणालाही, देशी असो वा परदेशी, मुलांच्या सहवासाचं काम नाही; वाढदिवसाच्या पंगती नाहीत; भेट हवी तर कार्यालयात, मुलं शाळेत असताना. देणग्या आटतील अशी भीती वाटणाऱ्या संस्थांसाठी पहिल्या वर्षाची तूट राज्यानं भरून द्यावी. कॅसिनो आणि पर्यटन यांच्या उत्पन्नावर चालणाऱ्या राज्याला ते न परवडण्याइतकी आपल्याकडे बालगृहं नाहीत.